आकाशांतील चाकरी

नकाशावर मुंबई आणि नागपूर हीं दोन शहरें सरळ रेघेनें जोडून पाहावीं. ती रेघ आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत चिखली-मेहकरच्या जवळून जाते. सन १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या हवाई टपालाची व्यवस्था सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत तीं आपापल्या ठाण्यास परत जात. मेहकराकडील शेतकऱ्यास असें विमान म्हणजे फार तर एक घरघर आणि चांदण्यांतून सरकणारा एक दिवा. आंत कोण आहे, त्याच्या अंगावर कोणता पोषाख आहे, तो कोणाशीं काय बोलतो, हें खालीं कळण्याचा संभव नव्हता. त्या आंतल्या माणसांविषयीं आज बोलावयाचें आहे.

प्रवासांतल्या सेवकाचा गणवेश आपल्या जिल्ह्याला ठाऊक झाला तो आगगाडीमुळें. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं लोहमार्गावरचीं स्थानकें. जलंबहून खामगांवापर्यंतचा सुमारें आठ मैलांचा फांटा सन १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला, तो मुख्यतः कापसासाठीं. गार्डाचा कोट अंगावर चढला कीं त्या माणसाचें नांव, गांव, जात मागें पडे. मोठा सावकार असो वा मामलेदार, त्याच्या शिटीपुढें सर्व सारखे. गणवेशाचा खरा उपयोग हाच कीं, कोणाचें ऐकावयाचें हें अनोळखी माणसासहि क्षणांत कळावें. परंतु गार्डानें लग्न केलें म्हणून त्याचीं निशाणें काढून घ्यावीं, किंवा पस्तिशी उलटली म्हणून त्याचा कोट उतरवावा, असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं. आकाशांत मात्र तसें झालें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें, तेव्हां त्या चिमुकल्या विमानांत सेवक असण्याचा प्रश्नच नव्हता; वैमानिक तोच, हमाल तोच. उतारू आले तेव्हां त्यांची काळजी घेणारें माणूस आलें. अमेरिकेंत १५ मे १९३० रोजीं एलन चर्च ही परिचारिका या कामावर रुजू झाली. तिची मूळ इच्छा विमान चालविण्याची होती. तें काम बाईमाणसास कोण देणार? तेव्हां तिनेंच सुचविलें कीं, शिकलेली नर्स जर निर्धास्तपणें विमानांत हिंडूं लागली, तर भेदरलेल्या उतारूंस धीर येईल. कंपनीनें हें मानलें, परंतु अटी घातल्या. बाई अविवाहित हवी, पंचविशीच्या आंतली हवी आणि तिचें वजन ११५ पौंडांच्या वर नको. धीर देण्याचा वजनाशीं संबंध काय, हें कोणी विचारलें नाहीं.

आपल्याकडे टाटांच्या संस्थेची १९४६ सालीं एअर इंडिया झाली, ८ जून १९४८ रोजीं तिचें विमान मुंबईहून लंडनला निघालें आणि १९५३ सालीं हा व्यवसाय सरकारच्या हातीं आला. विमानांतील बायकांचा पोषाख आरंभीं पाश्चात्य धर्तीचा होता; पुढें साडी आली. साडीमुळें देशी उतारूस परकेपणा वाटेनासा झाला हें खरेंच. पण आग लागलेल्या विमानाच्या दारांत उभें राहून शेंदीडशें माणसांना घसरपट्टीवरून खालीं ढकलावयाचें, तेंहि अवघ्या ९० सेकंदांच्या हिशेबानें, हें जिचें काम, तिच्या पायांत निऱ्या असाव्या कीं नसाव्या, हा विचार पोषाख ठरविणाऱ्यांच्या मनांत कितपत होता कोण जाणे. आणि आपण मराठींत तिला नांव दिलें ‘हवाई सुंदरी’. गार्डाला आपण कधीं ‘लोहमार्ग-मदन’ म्हटलें नाहीं.

या नांवांत जी समजूत आहे तीच नियमांतहि होती. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणें या नोकरींतील स्त्री वयाच्या ३५ व्या वर्षीं, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गर्भारपणीं, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां निवृत्त होई. वय पुढें वाढवून देणें मुख्याधिकाऱ्याच्या मर्जीवर होतें. त्याच विमानांत, त्याच उतारूंना तेंच जेवण वाढणारा पुरुष ५८ व्या वर्षापर्यंत काम करी. घरीं ज्या बातमीनें पेढे वांटावयाचे, तीच बातमी कचेरींत राजीनाम्याप्रमाणें सांगावयाची, असा हा प्रकार. कोणत्या महिन्यांत सांगावें, कोणास सांगावें, किती दिवस लपवावें, या विवंचनेंत किती जणींनीं उड्डाणें केलीं असतील!

सन १९६५ मध्यें हा वाद न्यायमूर्ति खोसला यांच्या न्यायाधिकरणापुढें गेला. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, नाना स्वभावांच्या उतारूंशीं गांठ पडते. अशा अवघड प्रसंगीं तरुण आणि आकर्षक स्त्री वयस्क स्त्रीपेक्षां सहज निभावून नेते. चार मुलें वाढविलेल्या, भाऊबंदकी मिटविलेल्या, दारुड्या शेजाऱ्यास अंगणांतून हुसकावून लावलेल्या आपल्याकडील कोणत्याहि आजीबाईस हें मत ऐकवून पाहावें!

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणी यांचा दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला व २८ ऑगस्ट १९८१ रोजीं निकाल लागला. गर्भारपणाची अट रद्द झाली. न्यायालयानें ती भारतीय स्त्रीत्वाचा अपमान करणारी ठरविली. मुख्याधिकाऱ्याची मर्जीहि गेली. परंतु चार वर्षांची विवाहबंदी टिकली, निवृत्तीच्या वयांतील भेदहि टिकला. कारण पुरुष व स्त्रिया यांचे वर्ग निराळे, म्हणून त्यांची तुलना नाहीं. मला हा युक्तिवाद पटत नाहीं. वर्ग निराळे केले कोणी? ज्यानें भिंत बांधली त्यानेंच भिंतीकडे बोट दाखवावें, तसें हें झालें.

अवघड प्रसंग कसा असतो, हें त्यानंतर पांच वर्षांनीं कराचीस दिसलें. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलें पॅन ॲमचें विमान तेथें सशस्त्र माणसांनीं बळकावलें. नीरजा भानोत या मुंबईच्या तरुणीनें वैमानिकांना इषारा दिला; ते वरच्या झरोक्यांतून निसटले, त्यामुळें विमान उडविणें अशक्य झालें. पुढचे सतरा तास आंतील सेवकवर्गाची प्रमुख तीच होती. उतारूंचीं पारपत्रें गोळा करण्याचा हुकूम झाला, तेव्हां तिनें व तिच्या सोबत्यांनीं अमेरिकन पारपत्रें दडवून ठेवलीं. शेवटीं गोळीबार सुरू झाला असतां उतारूंना बाहेर काढतांना ती मारली गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला अशोकचक्र देण्यांत आलें. त्या सतरा तासांत तिच्या रूपाचा कोणास काय उपयोग झाला?

गणवेशाची दुसरी बाजू पुढच्या कोठडींत दिसते. कप्तानाच्या बाहीवर चार पट्ट्या, सहवैमानिकाच्या त्याहून कमी. २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरिफ बेटावर दोन प्रचंड विमानें धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसें दगावलीं. निघालेल्या विमानांतील अभियंत्यानें दुसरें विमान अजून वाटेंत तर नाहीं ना, अशी शंका काढली होती. कप्तानानें ती उडवून लावली आणि त्यानें पुन्हां विचारलें नाहीं. त्यानंतर कनिष्ठानें वरिष्ठास कसें टोकावें, हें विमानविद्येंत मुद्दाम शिकवूं लागले. तरीहि २२ मे २०१० रोजीं मंगळूरला १५८ माणसें गेलीं. सहवैमानिकानें विमान न उतरवितां पुन्हां वर घ्या, असें तीनदां सांगितलें होतें. आपल्या घरांत वडील माणसास उलट बोलूं नये असें शिकवितात. त्या संस्कारांत वाढलेल्या मुलास हे तीन शब्द उच्चारणें किती जड गेलें असेल, याची कल्पना आपणांस यावी.

स्त्रियांच्या बाजूस मात्र प्रश्न उलटा होता. हुकूम देण्याची जागाच त्यांना नव्हती. विमानांतील पर्यवेक्षकाचें पद केवळ पुरुषांसाठीं राखलेलें होतें. २००३ सालींहि सर्वोच्च न्यायालयानें उड्डाणाच्या वयांतील भेद, स्त्रियांस ५० व पुरुषांस ५८ हा, मान्य केला होता. २००५ मध्यें एअर इंडियानें तें पद स्त्रियांस खुलें केलें, तेव्हां पुरुष कर्मचारी न्यायालयांत गेले. ज्यांना आजवर आपण कामें सांगत आलों, त्यांच्या हाताखालीं काम करण्याची वेळ येणार, हें त्यांच्या जिव्हारीं लागलें होतें. २००७ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें आणि नोव्हेंबर २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळलें. टाटांचें तें पहिलें टपाल मुंबईस उतरल्याला तेव्हां ७९ वर्षें झालीं होतीं.