‘जसे आहे, जेथे आहे’ : युद्धातलं एक भिंग आणि आपल्याकडचं भंगार

युद्ध संपलं की सैनिक घरी जातात. पण जनतेच्या पैशातून युद्धासाठी जे सामान बनवलेलं असतं, त्याचं काय होतं? तोफा वितळवल्या जातात, ट्रक लिलावात निघतात, तंबू बाजारात येतात. आज अशाच एका वस्तूची गोष्ट सांगतो. विषय कॅमेऱ्याचा आहे, पण शेवट आपल्या तालुक्यातल्या लिलावाच्या नोटिशीपाशी होणार आहे. म्हणून पोस्ट जरा लांब आहे, चालवून घ्या.

वस्तूचं नाव कोडॅक एरो-एक्टार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांतल्या टेहळणी कॅमेऱ्यांसाठी कोडॅकने बनवलेलं भिंग, म्हणजे लेन्स. फोकल लांबी सात इंच, १७८ मिलिमीटर. छिद्र एफ २.५. ज्यांना ही भाषा परकी आहे त्यांच्यासाठी साधा हिशोब: १७८ ला २.५ ने भागा. ७१ येतात. म्हणजे प्रकाश आत यायची वाटच सात सेंटिमीटरहून रुंद. चहाच्या कपाच्या तोंडाएवढी. वजन साधारण किलोभर.

एवढं मोठं कशाला? कारण टेहळणी रात्रीही करायची होती. रात्री विमानातून फ्लॅशचा बॉम्ब टाकायचा आणि त्या क्षणभराच्या उजेडात खालचे रस्ते, पूल, कारखाने टिपायचे. ही कल्पना युद्धाच्या आधीची. जॉर्ज गोडार्ड नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने नोव्हेंबर १९२५ मध्ये रॉचेस्टर शहरावर असा बॉम्ब फोडून रात्रीचा हवाई फोटो काढला होता. रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचंच गाव. पण क्षणभराचा उजेड पुरायचा तर भिंगाचं तोंड मोठं हवं, आणि तोंड मोठं केलं की चित्र कडेला फाटतं. त्यावर उपाय निघाला काचेत. वॉशिंग्टनच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीतले जॉर्ज मोरे यांनी १९३० च्या दशकात दुर्मिळ मूलद्रव्यं मिसळून नव्या जातीची काच तयार केली. ती प्रकाश जास्त वाकवायची. कोडॅकने ती उचलली. एरो-एक्टारच्या काही काचांत थोरियम आहे. होय, किरणोत्सर्गी थोरियम.

दचकू नका. आपल्या आजोबांच्या लग्नात जी गॅसबत्ती डोक्यावर घेऊन माणसं वरातीत चालली, तिच्या मँटलमध्येही थोरियमच असायचं. ते निघायचं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आहे हे १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ओळखलं, आणि पुढे जगाला मोनाझाइट पुरवणाऱ्या मोठ्या ठिकाणांत त्रावणकोरचं नाव लागलं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये आपल्या सरकारने त्यासाठी इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली.

१९४५ ला युद्ध संपलं. हवाई कॅमेरे आणि त्यांची भिंगं फाजील सामान म्हणून विक्रीला निघाली. घेणाऱ्यांपुढे प्रश्न एकच: हे लावायचं कशाला?

नेमक्या त्याच काळात फोटोग्राफीत मधल्या आकाराचे कॅमेरे पुढे येत होते. आपण ज्याला १२० चा रोल म्हणायचो, ती फिल्म वापरणारे. त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या कॅमेऱ्याची मुळंही युद्धातच आहेत. १९४० मध्ये स्वीडनच्या हवाई दलाने व्हिक्टर हॅसलब्लाड यांना बोलावलं, हाती लागलेला एक जर्मन हवाई कॅमेरा दाखवला आणि असा बनवता येईल का विचारलं. त्यांनी बनवला. युद्धानंतर त्याच अनुभवावर १९४८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी हॅसलब्लाड १६००एफ आला. त्याच्या तोंडावर भिंग होतं कोडॅकचं एक्टार, ८० मिलिमीटरचं. म्हणजे एरो-एक्टारचं धाकटं भावंड.

धाकटं भावंड बसलं, थोरलं बसेना. का, ते पाहण्यासारखं आहे. अडचणी तीन.

पहिली, शटर. विमानातल्या कॅमेऱ्यात शटर कॅमेऱ्यात असायचं, भिंगात नाही. हॅसलब्लाडने १९५७ च्या ५००सी पासून शटर भिंगातच घातलं. त्यामुळे तिथे एरो-एक्टार लावून उपयोग नाही. फिल्मपुढे पडद्याचं शटर असलेला कॅमेराच हवा. पूर्व जर्मनीचा १९५६ चा प्राक्टिसिक्स किंवा जपानचा १९६९ चा पेन्टॅक्स ६×७ असे.

दुसरी, अंतर. प्रत्येक कॅमेऱ्यात भिंग बसवायच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. पेन्टॅक्स ६×७ मध्ये ते साधारण ८५ मिलिमीटर. परक्या भिंगासाठी लेथवर नळी कातून घ्यायची तर हे अंतर अचूक साधावं लागतं. किती अचूक? १७८ मिलिमीटरच्या भिंगाला नळी एकच मिलिमीटर जास्त लांब झाली, तर साधारण ३२ मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट येत नाही. पाच मिलिमीटर जास्त झाली तर साडेसहा मीटरपलीकडचं गेलं. समोर बसलेला माणूस येईल, पण मागचा डोंगर आयुष्यात येणार नाही. आणि भिंगाचा मागचा भाग कॅमेऱ्याच्या तोंडापेक्षा रुंद असला तर ते आत सरकणारच नाही, बाहेर अडून बसेल.

तिसरी, फोकस. विमानातून जमीन नेहमीच लांब, त्यामुळे या भिंगाला पुढेमागे सरकवायची सोयच दिलेली नव्हती. दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढायचा तर ते सतरा मिलिमीटरहून थोडं जास्त पुढे यायला हवं. म्हणजे आट्यांची वेगळी नळी हवी किंवा भाता हवा.

एवढं करून मिळतं काय? या भिंगाचं चित्र पाच इंची चौकोनी फिल्मसाठी आखलेलं. ६×७ च्या फिल्मवर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा वापरात येतो. पण तो मधला हिस्सा, सर्वांत चांगला. दोन मीटरवर पूर्ण उघड्या छिद्राने फोटो काढला तर स्पष्ट पट्टा सुमारे तीन सेंटिमीटरचा. डोळा धारदार, कान विरघळलेला, मागचं जग नुसता रंग. शत्रूचे पूल शोधायला घडवलेली काच माणसाचा चेहरा असा दाखवते.

भात्याचा सोपा मार्ग होता अमेरिकेच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यात. लाकडी पेटी, पुढे भाता, मागे पडद्याचं शटर. हा मधल्या नाही, मोठ्या आकाराचा, चार बाय पाच इंच फिल्मचा. १९१२ पासून १९७३ पर्यंत बनला आणि जगभरच्या वार्ताहरांच्या हातात होता. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांच्या हातातही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पत्रकारितेत आहे म्हणून हे नाव इथे आवर्जून घेतो. पुढे डेव्हिड बर्नेट या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने हीच पेटी काढून तिच्यावर एरो-एक्टार चढवलं आणि २००४ मध्ये जॉन केरी यांच्या अध्यक्षीय प्रचाराचे फोटो काढले. नंतर २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकलाही तो ही पेटी घेऊन गेला. आजूबाजूला सेकंदाला दहा फोटो काढणारे डिजिटल कॅमेरे, आणि हा गडी एकेक फिल्म घालतोय. त्याचे फोटो वेगळे दिसले ते याच काचेमुळे.

आता मुद्द्यावर येतो. साठ वर्षांनी हे भिंग कामाला आलं, कारण त्याची माहिती त्याच्या अंगावर कोरलेली होती. नाव, फोकल लांबी, छिद्र आणि क्रमांक. क्रमांकाच्या सुरुवातीला दोन अक्षरं. कोडॅकचा ‘कॅमेरॉसिटी’ हा सांकेतिक शब्द: इंग्रजीतली त्याची दहा अक्षरं म्हणजे एक ते नऊ आणि शेवटी शून्य. चौथं अक्षर ‘ई’. म्हणून ‘ईई’ असेल तर १९४४ सालचं भिंग. कुणाच्या माळ्यावर सापडलं तरी ते स्वतःची ओळख सांगतं.

एकच गोष्ट कोरलेली नव्हती. थोरियम. लोकांना ती कळली काच पिवळी पडायला लागली तेव्हा. आतल्या किरणांनीच काच वर्षानुवर्षांत चहासारखी होते. कित्येकांनी ती खराब समजून टाकूनही दिली असेल. प्रत्यक्षात काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. थोरियम मात्र उतरत नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं. कॅमेऱ्यावर लावून वापरायला धोका किरकोळ. पण ही काच घासायची नाही, फोडायची नाही, डोळ्याला लावून बघत बसायचं नाही. हे माहीत असलं तर वस्तू निर्धोक. माहीत नसलं तर?

माहीत नसलं तर काय होतं ते देशाने एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत पाहिलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. त्यांनी ते कापलं. एकाचा जीव गेला, काही जण गंभीर आजारी पडले. कोबाल्ट आणि या भिंगातलं थोरियम यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, घोळ करू नका. पण चूक तीच. वस्तू विकली, माहिती विकली नाही.

आता आपल्याकडच्या नोटिशी आठवा. ‘निरुपयोगी जुने साहित्य, जसे आहे जेथे आहे या तत्त्वावर’. खाली यादी: कपाट ४, पंखे ११, कॅमेरा जुना नग १. कोणता कॅमेरा? कोणत्या विभागाने, कशासाठी घेतला होता? भिंग कोणतं? काही नाही. निर्लेखनाच्या कागदावर किंमत असते, वजन असतं, ओळख नसते. खाजगीतही तेच. आमच्या भागातले जुने स्टुडिओ एकेक करून मोबाईल शॉपी झाले. लाकडी कॅमेरे हॉटेलांत शोभेला गेले, भिंगं कुठे गेली कुणी सांगत नाही, आणि काचेच्या निगेटिव्हवर गावातल्या चार पिढ्यांचे चेहरे होते त्या रद्दीच्या भावानेही गेल्या नाहीत.

माझं म्हणणं सगळं जपून ठेवा असं नाही. जागा नसते, पैसा नसतो, मान्य. पण निर्लेखनाच्या यादीत एक रकाना वाढवायला काय लागतं? वस्तूचं नाव, क्रमांक, कशासाठी वापरली, आत धोकादायक काही आहे का. नगरपालिका, कॉलेजं, ग्रामीण रुग्णालयं, सगळ्यांनाच हे जमण्यासारखं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत कुणा सदस्याने हा विषय मांडला तर बातमी करायला मी आहेच.

आणि ज्यांच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा पडून आहे, त्यांनी आज एवढंच करा. एक चिठ्ठी लिहा: कुणाचा, कधी घेतला, कुठल्या लग्नाचे, कुठल्या सभेचे फोटो याने काढले. दोऱ्याने त्या कॅमेऱ्याला बांधा. पुढे विकायचा तर खुशाल विका. चिठ्ठी सोडू नका.