कॉलेजात लैंगिक अत्याचार झाला तर: आधी दवाखाना, मग तक्रार, राज्याची हद्द आड येत नाही

चंदगडची मुलगी बेळगावात शिकते, सावंतवाडीची पणजीत, निपाणीची कोल्हापुरात. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात, हे सीमाभागात रोजचंच. अशा मुलीवर कॉलेजात, वसतिगृहात किंवा ओळखीच्या मुलाच्या खोलीवर अत्याचार झाला, तर घरचे आधी हेच विचारतात की तक्रार कुठं द्यायची आणि कुठल्या भाषेत? कायद्यात याचं उत्तर आहे. पण त्याआधी दवाखाना गाठायला हवा.

दवाखान्यात काय मिळतं?

सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे असतात. 'आधी एफआयआर आणा' असं म्हणता येत नाही. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर घेतली तितकी उपयोगी. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये नको. अंघोळ झाली असेल, दोन दिवस गेले असतील, तरी जावंच. तपासणी संमतीनेच होते. 'टू फिंगर टेस्ट' करणं गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

रुग्णालय पोलिसांना कळवतं. तरीही सज्ञान मुलीला पोलीस कारवाई नको असेल, तर तसं नोंदवून घेतात. उपचार थांबत नाहीत. अकरावी-बारावी किंवा पीयूसीतली मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं.

तक्रार कुठल्या ठाण्यात?

कुठल्याही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'झिरो एफआयआर'ची तरतूद आहे. घटना बेळगावात घडली तरी चंदगड ठाण्यात मराठीतून फिर्याद देता येते. ती पुढे बेळगावला पाठवली जाते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगावं आणि समजल्याशिवाय सही करू नये. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावं. तिथंही दाद लागली नाही तर न्यायालयात जाता येतं.

कॉलेजची जबाबदारी

यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेज-विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष महिला असते. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण असेल तर मुदत वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर आरोपीला दूर ठेवणं, वर्ग बदलणं, मुलीला रजा देणं हे समिती सुचवू शकते. मुलगेही या समितीकडे जाऊ शकतात. समिती आणि पोलीस हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. 'कॉलेजचं नाव खराब होईल, आपसात मिटवा' असा दबाव आला तर तोही लेखी कळवावा.

घरच्यांनी, मैत्रिणींनी

'तू तिथं गेलीसच कशाला' हा प्रश्न विचारू नये. त्याच भीतीने मुली गप्प बसतात आणि औषधाची वेळ निघून जाते. शिक्षण सोडून घरी ये, असंही लगेच म्हणू नये. शिक्षेची पाळी तिच्यावर का? तिचं नाव, फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणं गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे नंबर जवळ ठेवा

तातडीची मदत: ११२. महिला हेल्पलाइन: १८१, इथून 'सखी' वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो. तिथं उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा या सगळ्यासाठी मदत होते. मोफत वकील: १५१००, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मानसिक आधार: टेली-मानस १४४१६. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी: १०९८.