कलाभवनातील धडा

सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी काम शिकावे, अशी सूचना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. ही कल्पना पुष्कळांस नवी वाटली. बडोद्याच्या जुन्या मंडळींस ती तशी वाटण्याचे कारण नाही.

१८६३ साली दोन मुले जन्मास आली; एक नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी, दुसरे सुरतेस. पहिले दत्तक जाऊन तिसरे सयाजीराव महाराज झाले. दुसरे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर हे लाकूडकाम करणाऱ्यांचे आडनाव. घरोघरची देवघरे कोरणाऱ्या समाजाचा हा वारस रसायनशास्त्र शिकून बडोदे कॉलेजात अध्यापक झाला होता.

त्या काळचे दुखणे दुहेरी होते. कारागिराचा मुलगा इंग्रजी शाळेत गेला की त्याचा हात जाई. न गेला तर आपला धंदा का बसला हेच त्याला कळत नसे. मंजिष्ठाकुळातील मुळांपासून मिळणारे लाल रंगद्रव्य जर्मन रसायनज्ञांनी १८६८ साली डांबरातून सिद्ध केले, आणि पाहता पाहता आमच्या देवळांतील पताकांचा तांबडा रंगसुद्धा परदेशी डब्यांतून येऊ लागला. रंगाऱ्यास रसायन शिकवायचे तर ते त्याच्या भाषेत शिकविले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह. महाराजांनी तो मानला. १८९० साली कलाभवन निघाले व गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला, वास्तुकला हे विषय देशी भाषेत शिकविण्याचे धाडस तेव्हा थोड्यांनीच केले असते.

मात्र एक उणीव आम्हांस राहून राहून जाणवते. हात तयार झाला, भांडवलाचे काय? दस्तऐवज तपासण्यात आयुष्य गेलेल्या आम्हां वकिलांस हा प्रश्न आधी सुचतो, हा पेशाचा दोष म्हणा हवे तर. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. छायाचित्रण ते येथे शिकले. पण चित्रपटाची विद्या व सामग्री आणण्यासाठी १९१२ साली विलायतेस जायचे ठरले, तेव्हा त्यांना आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकावी लागली. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, म्हणून ते गहाण आज कौतुकाने सांगितले जाते. फसलेल्या विद्यार्थ्यांची गहाणखते कोणी जपून ठेवीत नाही.

बँक ऑफ बडोदा निघाली ती १९०८ साली, कलाभवनानंतर अठरा वर्षांनी. गज्जर तर १८९६ सालीच मुंबईस गेले होते. तेथे त्यांनी स्वतःची रसायनशाळा काढली, आणि शिकविणे सोडले नाही. १९०७ साली कोटीभास्कर व भाईलाल अमीन या शिष्यांसह त्यांनी अलेंबिक कारखाना उभारला. आरंभी तेथे अल्कोहोल आणि टिंक्चर होत असे. गुरूने शिष्यांस शिफारसपत्र दिले नाही, भागीदारी दिली.