भुसभुशीत बर्फातला लांडगा: सामींच्या स्की-शिकारीचे गणित

लांडगा माणसापेक्षा वेगवान असतो, चिवट असतो, आणि त्याच्या नाका-कानांपुढे आपली इंद्रिये अगदीच बोथट ठरतात. तरीही स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडचे सामी लोक स्कीवरून पाठलाग करून त्याला गाठत, आणि पुष्कळदा नुसत्या काठीने किंवा भाल्याने मारत. याचे श्रेय धाडसाला द्यायचा मोह होतो. धाडस होतेच. मात्र धाडसी माणूस उन्हाळ्यातही धाडसीच असतो, आणि उन्हाळ्यात पाठलाग करून लांडगा कोणाला सापडत नाही. ही शिकार समजून घ्यायची तर आधी बर्फ समजून घ्यावा लागतो, कारण कोण जिंकणार हे तोच ठरवी.

पहिला प्रश्न भाराचा. सोलापूरकडच्या माळरानावरचा आपला लांडगा साधारण वीस किलोंचा. उत्तर युरोपातला सहज चाळीस किलो भरतो. त्याचा पंजा बर्फावर पसरला की ढोबळमानाने 90 चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. चारही पंजे टेकून तो उभा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 110 ग्रॅम भार पडतो. आता कपड्यांसह 80 किलोंचा माणूस घ्या. त्याच्या स्की दोन मीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद धरल्या, तर त्याचा भार जेमतेम 22 ग्रॅम येतो. वजन दुप्पट, दाब मात्र पाचपट कमी. पळताना हा फरक आणखी वाढतो. लांडग्याचे सारे वजन क्षणभर एक-दोन पंजांवर येते आणि त्यात उडीचा आघात मिळतो. स्कीवरचा माणूस तेव्हा घसरत असतो, आपटत नसतो. बर्फाची खोली आणि प्राण्यांची पायचाल यांचा असा पद्धतशीर अभ्यास सोव्हिएत प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर फोर्मोझोव्ह यांनी 1946 साली ग्रंथरूपाने मांडला. सामी शिकाऱ्यांना तो हिशेब पायांनी ठाऊक होता.

पण 'बर्फ' म्हणून काही एकच वस्तू नसते. हिवाळ्यात जमीन त्यामानाने उबदार आणि वरची हवा कडाक्याची थंड असली, की तळच्या थरातली वाफ वर सरकते आणि तिथे मोठे, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. हा थर हातात घेतला तर जाड्या साखरेसारखा बोटांतून गळतो. त्यावर पंजा पडला की तो थेट जमिनीपर्यंत जातो. बर्चच्या विरळ रानात वारा कमी, म्हणून तिथला वरचा बर्फही भुसभुशीत राहतो. तो छातीला लागू लागला की लांडग्याची धाव संपते. प्रत्येक पावलाला त्याला स्वतःला वर उपसून पुढे झोकून द्यावे लागते. उलट झाडांच्या रेषेवरच्या उघड्या पठारांवर वारा बर्फ झोडपून टणक करतो. तिथे लांडगा रस्त्यावरून पळावे तसा पळतो, आणि माणसाने नाद सोडलेलाच बरा.

तिसरा प्रकार फसवा असतो. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर खपली धरते. चालत्या लांडग्याचा भार ती पेलते, पळत्याचा पेलत नाही. दर उडीला ती फुटते, आणि तिची धारदार कड पाय कापते. पहाटे हीच खपली घट्ट असेल तर शिकार लांडग्याच्या बाजूने झुकते. दुपारी ती मऊ झाली की पारडे फिरते. शिकारीला निघायची वेळ माणसाच्या सोयीने ठरत नसे, ती यावरून ठरे.

एवढे लक्षात आले की पाठलागातल्या चाली उलगडतात. लांडग्यांची टोळी खोल बर्फात एकामागोमाग एक चालते. पुढचा वाट फोडतो, मागचे त्याच्याच पावलांत पाऊल टाकतात. रेनडियरच्या कळपाने तुडवलेली वाट किंवा गोठलेली नदी मिळाली तर ते ती सोडत नाहीत. म्हणून शिकाऱ्याचे पहिले काम त्यांना वाटेवरून हुसकून कोऱ्या बर्फात उतरवण्याचे. टोळी फुटली की प्रत्येकाला आपली वाट आपणच फोडावी लागते, आणि शिकारी त्यातला एकच धरून ठेवतो. दुसरे काम वरच्या टणक पठाराकडचा रस्ता अडवण्याचे. चढावर स्कीवाल्याची दमछाक होते, उतारावर तो फुकट वेग कमावतो. त्यामुळे लांडगा वर निसटला की खेळ संपला, खाली रानात वळला की बहुधा तोच संपला. पाठलागाचा अर्थ नुसते मागे धावणे असा लावला, तर या शिकारीतले अर्धे कौशल्य नजरेआड होते.

लांडग्याचे पोटही या हिशेबात धरावे लागते. भरपेट मिळाले तर तो एका वेळी आठ-नऊ किलो मांस खातो. रात्री रेनडियर पाडून जेवलेला लांडगा सकाळी जड झालेला असतो, आणि त्याच सकाळी रेनडियर राखणाऱ्याला ताजा माग दिसतो. फार दमवले तर लांडगा खाल्लेले ओकून टाकतो आणि हलका होतो. मागावर असा ऐवज पडलेला दिसणे हा शिकाऱ्यासाठी वाचण्याजोगा मजकूर असे.

हे ज्ञान शिकाऱ्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आले. योहान तुरी (1854–1936) हा स्वीडनच्या उत्तरेतला सामी, नावाजलेला लांडगेमार. डॅनिश चित्रकार एमिली देमांत हिच्या मदतीने त्याने आपल्या लोकांच्या जगण्यावर सामी भाषेत लिहिले. ते पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले, त्यातली चित्रेही त्याचीच. लांडग्यांविषयी त्यात मनापासून लिहिले आहे. मला त्याचे महत्त्व यासाठी वाटते, की या शिकारीबद्दल बाहेरच्या प्रवाशांनी लिहिले त्यात नवल जास्त आहे. तुरी लिहितो तो ज्याची जनावरे मारली जातात आणि ज्याला मागे जावे लागते असा माणूस म्हणून. रेनडियर हेच त्या घरांचे अन्न, वस्त्र आणि वाहन. लांडगा एका रात्रीत काही जनावरे मारतो, त्याहून मोठे नुकसान उरलेला कळप दहा दिशांना उधळल्याने होते. त्या थंडीत तो गोळा करण्यात दिवसच्या दिवस जातात. या शिकारीला छंद म्हणणे अन्यायाचे होईल.

साधनांकडेही नीट पाहिले पाहिजे. उत्तम स्की कुठल्याही पाइनची होत नसे. कलून वाढलेल्या पाइनच्या खालच्या बाजूचे लाकूड निवडत. झाडाचा तोल सावरताना ते घट्ट, तांबूस आणि राळेने भरलेले बनते. झिजेला ते टिकते. त्यावर पाइनचे डांबर ऊब देऊन मुरवत, म्हणजे ओल आत शिरत नाही. रेनडियरच्या कातड्याच्या जोड्याचे टोक चोचीसारखे वर वळलेले असे. ते स्कीच्या पट्ट्यात अडकते, आणि पडल्यावर पाय झटक्यात मोकळाही होतो. मोज्याऐवजी आत वाळवून मऊ केलेले गवत भरत. ते घाम शोषते आणि रात्री काढून वाळवता येते. हातात काठी एकच. दोन काठ्यांची चाल बरीच अलीकडची. एका काठीमुळे दुसरा हात मोकळा राही, आणि काठीच शस्त्र होई. स्वीडनमधल्या काल्व्हत्रेस्क इथे 1924 साली सापडलेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या स्कीसोबतची काठी एका टोकाला फावड्यासारखी घडवलेली आहे. एका दांड्यातून दोन कामे काढण्याची कल्पना इतकी जुनी. अल्ताई पर्वतात, चीनच्या हद्दीतले तुवा आणि कझाक शिकारी, आखूड-रुंद स्कीच्या तळाला घोड्याचे केसाळ कातडे लावतात. केसांमुळे चढावर स्की मागे सरकत नाही. तिथेही काठी एकच.

धोका शेवटच्या टप्प्यात असे, आणि तो दातांचाच नसे. तासन् तास पळून माणूस घामाने निथळतो. पाठलाग थांबला की तोच घाम अंगावर गोठू लागतो. वाटेत हलके होण्यासाठी कपडे टाकले असतील तर परतणे कठीण. बंदुका आल्यानंतरही अनेकांनी काठी सोडली नाही, याचे एक कारण मला उघड दिसते: चार किलोंची बंदूक खांद्यावर घेऊन धावणे म्हणजे आपलाच फायदा खर्च करणे.

या पद्धतीला आपोआप मर्यादा होती. बर्फ योग्य, लांडगा जड, प्रदेश उतरता आणि माणूस तरुण, हे सारे एकाच दिवशी जुळावे लागे. 1960च्या दशकात स्नोमोबाइल आली आणि या अटींतली सर्वांत मोठी, दमण्याची, गळून पडली. यंत्राचा भारही स्कीसारखा पसरलेला, पण ते थकत नाही आणि चढाला भीत नाही. स्वीडनमध्ये 1966 साली लांडग्याला संरक्षण मिळाले तेव्हा तो जवळजवळ संपलाच होता. 1983मध्ये वर्मलांडच्या जंगलात पुन्हा पिल्ले झाली, ती रेनडियरच्या मुलखापासून खूप दक्षिणेला. तिथून आजवर तो पसरला, पण रेनडियरच्या चराऊ प्रदेशात त्याला अजून टिकू दिले जात नाही. रेनडियर पाळणाऱ्यांची बाजू मला पटते. कळप वाचवणे हा त्यांचा हक्क आहे. पण यंत्राने लांडगा हटवणे आणि स्कीवरून त्याच्याशी झुंजणे ही एकाच परंपरेची दोन रूपे आहेत, असे म्हटले जाते तेव्हा ते मान्य करता येत नाही. दुसऱ्यात लांडग्याला सुटण्याच्या वाटा होत्या.

आता बर्फच बदलतो आहे. भर हिवाळ्यात पाऊस पडण्याचे प्रसंग उत्तरेत वाढत आहेत. पाऊस बर्फात मुरून गोठला की आत बर्फाची लादी तयार होते. रेनडियरला तिच्याखालचे दगडफूल खुरांनी उकरता येत नाही आणि चाऱ्यावाचून तो खंगतो. पृष्ठभागावर अशी लादी धरली तर 22 ग्रॅम आणि 110 ग्रॅम यांतला फरक उरत नाही: माणूस आणि लांडगा दोघेही वरच राहतात, लांडग्याची नखे पकड घेतात आणि लाकडी स्की आडवी घसरते.