कारकुनाने लिहिलेला रेम्ब्रांट

२५ आणि २६ जुलै १६५६ या दोन तारखांना ॲम्स्टरडॅममधल्या चित्रकार रेम्ब्रांटच्या घरी दिवाळखोरीची यादी झाली. खोली-खोली फिरून दिसेल ते नोंदवलेली ३६३ कलमांची ही यादी आजही शाबूत आहे. त्याच्या चित्रांतली माणसे कशी घडली, हे सांगायला मी हाच साक्षीदार सर्वांत भरवशाचा मानतो. लिहिणाऱ्याला चित्रकाराचा मोठेपणा सिद्ध करायचा नव्हता. सावकारांसाठी मालमत्ता मोजायची होती.

यादीत जिवंत माणसांवरून ओतून घेतलेले १७ हात आणि बाहू आहेत. कातडी सोललेल्या हातापायांचे चार नमुने आहेत. त्यांपुढे वेसालियस या शरीररचनाकाराचे नाव लिहिले आहे. पुतळे आहेत, शस्त्रे आहेत. धुवायला दिलेले तीन पुरुषी सदरेही सुटलेले नाहीत.

आणि छोट्या चित्रशाळेतली ही नोंद: ‘ख्रिस्ताचे मुख, प्रत्यक्षावरून’. म्हणजे ख्रिस्तासाठीही त्याने समोर माणूस बसवला होता. घर ज्यूंच्या वस्तीत होते. तो तरुण शेजारचा ज्यू असावा, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. ख्रिस्तमुखाच्या ज्या छोट्या तैलचित्रफळ्या उरल्या आहेत, त्यांत ठरीव देवमुद्रा नाही, ओळखीच्या माणसाचा थकवा आहे.

लघुचित्रांच्या एका वहीचीही नोंद आहे. त्यात मुघल चित्रे असावीत, असे मानले जाते. शाहजहानसह मुघल व्यक्तींची त्याने केलेली वीसहून अधिक रेखाटने आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, तेव्हा हा अंदाज निराधार नाही.

मग ही दिवाळखोरी आली कशाने? १६४२ चे ‘नाइट वॉच’ हे चित्र लोकांना रुचले नाही आणि त्यातून तो बुडाला, ही लाडकी दंतकथा आता सोडून द्यावी. त्या काळचे कागद तिला आधार देत नाहीत. ते बोट दाखवतात घराकडे. १६३९ मध्ये त्याने ते १३,००० गिल्डरांना घेतले. १६५३ मध्येही ८,००० हून अधिक गिल्डर देणे बाकी होते. अखेर १६५८ मध्ये घर ११,२१८ गिल्डरांना विकले गेले.

गिऱ्हाइकांनी मात्र पाठ फिरवली नव्हती. कापड तपासनिसांचे त्याचे थोर समूहचित्र १६६२ चे, म्हणजे घर गेल्यानंतरचे आहे.