विळा आणि बाज

शहाद्याहून तोरणमाळला जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागतं. इथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासत माझं आयुष्य गेलं. सिकलसेलच्या मुलाची रंग दिलेली काचपट्टी पहिल्यांदा पाहिली, तेव्हापासून एक प्रश्न पाठीशी लागला. या आजारात प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, मिळाला की पुन्हा गोल होते, असं शिकलो होतो. माझी पट्टी तर उघड्या हवेत वाळलेली. तरी गोल पेशींच्या गर्दीत दोन्ही टोकं निमुळती झालेल्या काही पेशी होत्याच. त्या का नाही सरळ झाल्या?

या आजाराचा इतिहास सांगणारे हिमोग्लोबिनपाशी थांबतात. 1910 मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या अशा पेशींचं वर्णन छापलं. 1949 मध्ये पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनचा ठरवला. 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. आमच्या भिल्ल-पावरा घरांत ‘हातपाय ठणकतात’ एवढ्याच नावाने तो पिढ्यान् पिढ्या राहिला असणार.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दुसऱ्याच इतिहासात होतं. 1942 मध्ये, ऐन महायुद्धात, हंगेरीतल्या सेगेडला सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत श्ट्राउब यांनी स्नायूंतून अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं. ते तांबड्या पेशीतही असतं, हे पुढे कळलं.

वडील घरी बाज विणायचे, म्हणून तिथलं त्याचं काम मला पटकन उमगलं. पेशीच्या आवरणाला आतून स्पेक्ट्रिनच्या दोऱ्यांची वीण असते आणि त्या जिथे एकत्र येतात तिथे गाठीसारखा अ‍ॅक्टिनचा आखूड तुकडा. अ‍ॅक्टिनचा स्वभाव कणाला कण जोडत वाढण्याचा. पण इथे एका टोकाला ट्रोपोमोड्युलिन आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅड्युसिन टोपणासारखं बसतं, त्यामुळे प्रत्येक तुकडा साधारण 37 नॅनोमीटरच राहतो. एवढा बंदोबस्त आहे म्हणूनच 8 मायक्रॉनची पेशी 3 मायक्रॉनच्या केशवाहिनीतून दुमडून जाते, पुन्हा उलगडते आणि हे 120 दिवस करत राहते.

1976 मध्ये लक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायमच्या वाकलेल्या पेशी घेतल्या, त्यांतलं हिमोग्लोबिन धुऊन काढलं, मग आवरणही विरघळवलं. उरलेला सांगाडा तरीही वाकडाच! 1995 मध्ये गुडमन यांच्या गटाने दाखवलं, की अशा पेशींच्या अ‍ॅक्टिनमध्ये गंधकाचा एक जादा सांधा तयार झालेला असतो आणि त्यामुळे वीण मोकळी व्हायला फार वेळ लागतो. बाजेला झोळ पडला की माणूस उठून गेला तरी झोळ जात नाही, तसंच हे.

एका पावरा आईने मला विचारलं होतं, “दादा, या पेशी सरळ होतील का?”

मी म्हणालो, “वाकून बसलेल्या नाही होणार, बाई. पण रोज नव्या तयार होतात, त्यांना जपायचं. पाणी भरपूर पाजा, ताप आला तर अंगावर काढू देऊ नका.”

तिने पिशवीतली बाटली काढली आणि बाहेरच्या नळावर जाऊन भरून घेतली.