चांदीपुरा आणि उंदराचं पिल्लू

चांदीपुरा हे नाव आधी विदर्भातल्या एका गावाचं, मग विषाणूचं. १९६५ साली नागपूर भागातल्या तापाच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला. शोधणारी संस्था पुण्याची व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची एनआयव्ही. नंतर जवळजवळ चाळीस वर्षं तो फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. महाराष्ट्रातही मुलं गेली. ताप, झटके, बेशुद्धी आणि अनेकदा दोन दिवसांच्या आत मृत्यू.

२०२४ च्या पावसाळ्यात भारतात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू झाले. त्यांतल्या ६४ रुग्णांमध्ये चांदीपुरा सापडला. माझं गाव मोलगी, अक्कलकुवा तालुका. गुजरातची हद्द जवळच. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, आणि तशी घरं आमच्याकडे पाड्यापाड्यावर आहेत. म्हणून मी वाचायला लागलो.

मला अडकवलं ते उंदरांनी. चांदीपुरा कातडीखाली टोचला तर दूधपितं पिल्लू मरतं, मोठा उंदीर तगतो. थेट मेंदूत टोचला तर मात्र मोठाही मरतो. माणसांतही मोठे वाचतात, पंधरा वर्षांखालची मुलं सापडतात. सोपं उत्तर असं की मोठ्यांना आधीच नकळत लागण होऊन गेलेली असते, रक्तात प्रतिपिंडं तयार असतात. पण प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरानं हा विषाणू कधी पाहिलेलाच नसतो. तरी तो वाचतो. म्हणजे वयाचा भाग वेगळा आहेच. अडचण अशी की पिल्लू म्हणजे काही दिवसांचा जीव, आणि आपल्याकडे मरतंय ते शाळेत जाणारं मूल. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट सर्व्हर आणि प्रॉडक्शन सर्व्हरचं व्हर्जनच वेगळं.

इथे 'मानवीकृत' उंदीर येतात. १९८३ मध्ये अमेरिकेत बोस्मा दांपत्यानं असे उंदीर नोंदवले, ज्यांच्यात टी आणि बी पेशी जवळपास नव्हत्याच. त्यांना स्किड म्हणतात. परकी पेशी नाकारायला कुणी नाही, म्हणून १९८८ मध्ये त्यांच्यात माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी रुजवल्या गेल्या. प्रेरणा मुख्यतः एचआयव्हीची होती. तो साध्या उंदराला लागतच नाही. डेंगीचंही तसंच. साधा उंदीर डेंगीनं सहसा आजारी पडत नाही, पण २००५ मध्ये मानवी पेशी घातलेल्या उंदरांत ताप, पुरळ आणि कमी झालेल्या प्लेटलेट्स दिसल्या. तोपर्यंत ही लक्षणं मुख्यतः माणसातच बघावी लागत होती.

मग चांदीपुरासाठी हेच करावं? मला वाटतं, अर्धंच साधेल. रक्तातल्या पेशी माणसाच्या झाल्या तरी मेंदू उंदराचाच राहतो, मेंदूभोवतीची रक्तवाहिन्यांची भिंतही उंदराचीच. आणि हा विषाणू मारतो तो मेंदूत शिरून. शिवाय रुजवलेल्या पेशी बहुधा नाळेच्या रक्तातल्या, म्हणजे नवजात बाळाच्या. आठ वर्षांच्या मुलाची प्रतिकारशक्ती त्यांतून कशी उभी करायची, हा प्रश्न उरतोच.

अजून लस नाही, खास औषधही नाही. झटके थांबवणं, ताप उतरवणं, श्वास चालू ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. त्यासाठी मूल मोलगीच्या एखाद्या पाड्यावरून दोन दिवसांच्या आत, रस्ता असो-नसो, दवाखान्यात पोचावं लागतं.